दुसऱ्यांदा विचारणं

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की आमच्या मिल्टन कीन्सच्या सुपरमार्केटात, भाज्यांच्या रांगेच्या अगदी टोकाला, एक खोका येऊन पडतो. त्यात संत्री असतात. दिसायला ती काही खास नसतात. साल जाड, खडबडीत, कुठे कुठे डाग पडलेले. सोलून तोंडात टाकली तर जीभ आखडते, इतकी आंबट आणि वर कडू. इंग्रज लोक त्यांचं पावाला लावायचं मार्मलेड करतात. तीन-चार आठवडे तो खोका भरतो, रिकामा होतो, आणि मग एके दिवशी त्या जागी कांदे दिसतात. संपला हंगाम. या देशात वर्षभर सगळंच मिळतं, त्यामुळे कशाचाच हंगाम कळत नाही. मला तरी एवढा एकच कळतो.

ही संत्री स्पेनहून येतात. आणि गंमत अशी की स्पेनमधली माणसं ती खात नाहीत. हे मला हुलियानने सांगितलं होतं.

"आमच्याकडे ही झाडं रस्त्यावर लावतात," तो म्हणाला होता. "सावलीसाठी. फुलांच्या वासासाठी. फळ खाली पडतं, म्युनिसिपालिटीची माणसं झाडून नेतात. आणि इंग्रज ते पैसे देऊन विकत घेतात! मग मी विचार केला, ज्या देशात आमच्या रस्त्यावरचा कचरा विकत घेतात, तिथे मलाही कोणीतरी ठेवून घेईल. म्हणून आलो."

हा विनोद त्याने माझ्याजवळ निदान पाच वेळा केला असेल, दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखा.

हुलियान आमचा शेजारी होता. आमच्या घराची आणि त्याच्या घराची भिंत एक, मागच्या अंगणांमध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण. पोर्तुगालच्या सरहद्दीजवळच्या एका गावातला माणूस. इथल्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. ज्या हिवाळ्याबद्दल मी लिहितो आहे त्या हिवाळ्यात त्याची बायको मेर्चे गावाकडे गेलेली होती, तिच्या आजारी आईपाशी. त्याचीही पाठ धरल्यामुळे तो रजेवर होता. वय साठीच्या आसपास. घरात एकटा.

आणि त्याच हिवाळ्यात माझे वडील, आप्पा, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. आई जाऊन वर्ष झालं होतं. आप्पांनी सगळं आयुष्य टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडण्यात घालवलं. जगाला बोलतं करणारा माणूस, पण स्वतः मोजकंच बोलायचा. मी आणि माझी बायको वैशाली सकाळी कामावर जायचो ते संध्याकाळी परतायचो. आप्पा खिडकीत बसायचे. मिल्टन कीन्स हे आखून बांधलेलं शहर. मोठे रस्ते, गोल चौक, गाड्या. माणसं चालायला वेगळ्या लाल डांबराच्या वाटा आहेत, त्यांना इथे रेडवे म्हणतात, आणि त्या बहुतेक वेळा रिकाम्या असतात. आठवडाभर पाहून आप्पांनी विचारलं होतं, "हे गाव आहे की गावाचा नकाशा?"

त्या नकाशात त्यांना पहिला माणूस सापडला तो हुलियान.

---

स्पॅनिश माणसं कशी असतात, याबद्दल ऑफिसात सगळ्यांची मतं तयार असतात. दुपारी झोपतात, सगळं उद्यावर टाकतात, मोठ्याने बोलतात. मी स्वतः स्पेनला दोनदा गेलो, दोन्ही वेळा समुद्रकाठच्या हॉटेलात, जिथे चहा इंग्रजी होता आणि माणसंही. त्यामुळे मला स्पेन म्हणून जे काही कळतं ते एका हुलियानवरून. एका माणसावरून अख्ख्या मुलुखाचा स्वभाव सांगू नये, हे मला समजतं. माझ्यावरून कोणी मराठी माणसाचा स्वभाव ठरवला तर मला ते आवडणार नाही. हे पुढे वाचल्यावर तर अजिबात ठरवू नये.

पण काही गोष्टी नोंदवण्यासारख्या होत्या. दुपारी झोपताना मी त्याला कधी पाहिलं नाही. पंधरा वर्षं तो सकाळी सहाला गोदामाच्या फाटकावर हजर असे. मोठ्याने बोलायचा, हे मात्र खरं. मेर्चेचं आणि त्याचं बोलणं भिंतीतून ऐकू यायचं तेव्हा सुरुवातीला वैशाली घाबरायची. एकदा तिने मेर्चेला काळजीने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" मेर्चे बुचकळ्यात पडली. ती दोघं मसूर किती वेळ शिजवायचे यावर बोलत होती.

डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये शिरताना तो दारातच थांबून सगळ्यांना मिळून नमस्कार करायचा. "गुड मॉर्निंग!" दहा माणसं फोनमधून मान वर करून बघायची, की हा कोण. कोणी उत्तर द्यायचं नाही. पुढच्या वेळी तो पुन्हा तेच करायचा. कुणी बाकावर सँडविच खात बसलेलं दिसलं, की जाता जाता त्याला "चांगलं पचो" अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचा. त्याच्या गावी खाणाऱ्या माणसाजवळून मुक्याने जात नाहीत.

सगळ्यात मजा रांगेची. औषधाच्या दुकानात गेला की तो रांगेत उभाच राहायचा नाही. मोठ्याने विचारायचा, "शेवटचं कोण?" कुणीतरी घाबरत हात वर करायचं. हुलियान तो चेहरा लक्षात ठेवायचा आणि खुशाल खुर्चीवर जाऊन बसायचा. त्याच्या मते झालं, नंबर लागला. त्या माणसानंतर आपण. पण इंग्रजांची रांग पायांवर उभी असते. त्याचा नंबर आला म्हणून तो उठून पुढे जायचा तेव्हा सगळ्या दुकानाला वाटायचं, हा घुसला. एकदा मी बरोबर होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मी हे घरी सांगितलं तेव्हा आप्पा मात्र खूश झाले. "बरोबरच आहे त्याचं. आम्ही रेशनच्या दुकानात काय करत होतो? पिशवी ठेवायची रांगेत आणि झाडाखाली बसायचं. पिशवीला नंबर असतो, पायाला कशाला पाहिजे?"

मला वाटतं, त्यांची दोस्ती तिथेच जमली. प्रत्यक्ष ओळख त्यानंतर दोन दिवसांनी झाली.

---

दोघांची भाषा एक नव्हती. हुलियानचं इंग्रजी कामापुरतं, आप्पांचं सरकारी फॉर्म भरण्याइतकं. चार वाजता दोघं कुंपणाशी यायचे आणि रेडवेवरून फिरायला जायचे. हुलियान बोलताना आप्पांचा दंड धरायचा. आप्पांना आयुष्यात असं कोणी धरलं नव्हतं, आम्ही तर नाहीच. पण त्यांनी हात सोडवून घेतल्याचं मी पाहिलं नाही. हा स्पॅनिशमध्ये बोलायचा, ते मराठीत. आप्पा त्याला हुलियानराव म्हणायचे. तो त्यांना सेन्योर आप्पा म्हणायचा.

"काय बोलता हो तुम्ही एवढं?" वैशालीने एकदा विचारलं.

"तो त्याच्या बायकोबद्दल बोलतो. मी तुझ्या सासूबद्दल."

"तुम्हाला कसं कळतं तो बायकोबद्दल बोलतोय ते?"

"चालायचा वेग कमी होतो त्याचा," आप्पा म्हणाले.

जानेवारीत तो खोका आला. हुलियानने हसत हसत चार संत्री आप्पांना दाखवायला आणली, की बघा, हे कचरा विकत घेतात. आप्पांनी एक कापलं, जिभेला लावलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हे तर आपलं ईडलिंबू!" दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन अख्खी पिशवी घेऊन आले. आमच्या स्वयंपाकघरात लोणचं घातलं गेलं. आप्पा फोडी करत होते, हुलियान बिया काढत होता. मीठ किती, तिखट किती, यावरून दोघांत दोन भाषांत खरंखुरं भांडण झालं. हुलियानला मोहरीचा वास माहीत नव्हता, तो नाक बरणीतच घालत होता. मग झाकण लावलं, वरून फडकं बांधलं, आणि आप्पांनी बोटांनी सांगितलं: पाच आठवडे. हात लावायचा नाही. मग आपण दोघांनी मिळून उघडायची.

त्या पाच आठवड्यांत मी कधी दुपारी लवकर घरी आलो, तर दोघं आमच्याच टेबलाशी बसलेले दिसायचे. जेवण होऊन तास-दीड तास झालेला. ताटं तशीच. हुलियानसमोर पावाचा चुरा, आप्पांचा उजवा हात खरकटा आणि वाळून पांढरा पडलेला. जेवण संपल्यावर टेबलावरून न उठता बसून राहायचं, याला त्यांच्याकडे एक वेगळा शब्दच आहे, सोब्रेमेसा. हुलियान म्हणाला होता की जेवण हे त्यासाठीचं निमित्त. आपल्याकडे शब्द नाही, पण गोष्ट आहेच. हात वाळून जातो आणि गप्पा संपत नाहीत. माझ्या लहानपणी पाहुणे आले की आई आतून ओरडायची, "हात तरी धुवा!" आणि कोणी उठायचं नाही.

मी मात्र इथे येऊन वीस वर्षांत जेवण झाल्या झाल्या ताटली डिशवॉशरला लावणारा माणूस झालो होतो. आप्पांचा तो वाळलेला हात मला बघवत नसे. "आप्पा, हात धुऊन घ्या ना," असं मी म्हणायचो. हुलियानसमोरच. आप्पा निमूट उठायचे. आणि मी आल्यावर सोब्रेमेसा मोडायची.

---

आता त्या रविवारबद्दल.

फेब्रुवारीचा मध्य. माझा मॅनेजर आणि त्याची बायको मेडनहेडहून जेवायला येणार होते. माझ्या बढतीचं घाटत होतं. त्याने आपणहून म्हटलं होतं की तुमच्या घरचं जेवण एकदा जेवायचंय. मी आठवडाभर तयारी करत होतो. आप्पांना मी चमच्याने जेवाल का असं विचारलं होतं. ते "बरं" म्हणाले होते. त्या "बरं"बद्दल वेगळं लिहायला हवं, पण ते आज नको.

शनिवारी आप्पा म्हणाले, "उद्या बरणीला पाच आठवडे होतायत. हुलियानरावांना मी खुणेने सांगितलंय, रविवारी जेवायला या म्हणून. पण खुणेचं आमंत्रण खरं नाही. घरच्या कर्त्या माणसाने जाऊन बोलावलं पाहिजे. तू रीतसर सांगून ये."

मी म्हटलं, "उद्या माझे पाहुणे आहेत आप्पा."

"मग? पानात एक पान वाढलं."

रविवारी सव्वाबाराला मी गेलो. मुद्दामच उशिरा. दार लगेच उघडलं, जणू तो दाराशीच होता. त्याने पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीच्या रेघा बाहीवर दिसत होत्या. केस ओले करून मागे बसवलेले. कोलोनचा वास. पायात काळे बूट, पॉलिश केलेले. घरात तो नेहमी सपातांमध्ये असायचा. मागे छोट्या टेबलावर संत्र्यांची पिशवी होती, तोंडाला गाठ मारलेली. हंगामातली शेवटची असणार, दुसरी बरणी घालायला.

हे सगळं मी पाहिलं. माझ्या बाजूने बोलण्यासारखं दुसरं काही नाही, तेव्हा एवढं तरी स्पष्ट लिहितो. मी पाहिलं.

मी इंग्रजीत म्हटलं, "वडील म्हणतायत, तुला यायचं असेल तर जेवायला ये. माझ्या ऑफिसचे लोकही आहेत."

तो म्हणाला, "नाही, नाही. तुझे पाहुणे आहेत. मी कशाला अडचण?"

आणि तो थांबला. दाराच्या कडीवर हात तसाच, चेहऱ्यावर थोडं हसू.

हे थांबणं काय असतं ते मला माहीत होतं. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. पहिलं "नको" हे नको नसतंच. ते दाराला टेकलेलं असतं, ढकललं की उघडणारं. वाढणारा पुन्हा येतो, "अहो, असं कसं, घ्या," तेव्हा खरं आमंत्रण सुरू होतं. हुलियानच्या गावातही असंच होतं. त्यानेच मला सांगितलं होतं, की आमच्याकडे पहिल्या हाकेला हो म्हणणारा माणूस अधाशी, आणि पहिल्या नाहीला निघून जाणारा माणूस म्हणजे त्याने बोलावलंच नव्हतं. ताटातला शेवटचा तुकडाही त्यांच्याकडे कोणी आपणहून उचलत नाही. त्याला लाजेचा तुकडा म्हणतात. कोणीतरी म्हणावं लागतं, घे. पुन्हा म्हणावं लागतं.

इंग्रज एकदा विचारतात. तुमच्या नाहीला नाही समजतात. त्यात तुसडेपणा नाही. तुमच्या शब्दाचा मान आहे. हीही एक सभ्यता आहे, आणि मला ती पुष्कळदा आवडते. पण मी इंग्रज नव्हतो, हुलियानही नव्हता. आम्हा दोघांना जो रिवाज रक्तातून ठाऊक होता तो मी बाजूला ठेवला आणि त्या दिवशी मला सोयीचा होता तो उचलला.

"ओके," मी म्हणालो. "नो वरीज. अनदर टाइम."

आणि वळलो. त्याच्या दारापासून माझ्या दारापर्यंत फार तर पंधरा पावलं. मागे दार बंद झाल्याचा आवाज आला नाही. मी माझ्या घरात शिरेपर्यंत आला नाही.

आत आप्पांनी सहावं ताट मांडलं होतं. बरणीवरचं फडकं सोडून ठेवलं होतं. त्यांनी माझ्या मागे पाहिलं.

"आला नाही?"

"नाही म्हणाला."

यात एकही शब्द खोटा नव्हता. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या आहेत, त्यांतली एकही मला इतकी छळत नाही.

आप्पांनी ताट उचललं, फडक्याने पुसलं, कपाटात ठेवलं. पाहुणे आले. बरणी उघडली गेली. मॅनेजरने अर्धी फोड खाऊन "इंटरेस्टिंग" म्हटलं. आप्पा चमच्याने जेवले. जेवण होताच उठले आणि हात धुतले, जरी हाताला काही लागलेलं नव्हतं.

---

त्यानंतर पाच आठवडे आप्पा आमच्याकडे होते. चार वाजता ते कुंपणाशी गेले नाहीत. मी सुचवून पाहिलं, म्हटलं, फिरून या ना. ते म्हणाले, "नाही म्हणाला ना तो? मग झालं. आपण माणसाच्या गळ्यात पडू नये." हुलियानही कुंपणाशी आला नाही. त्याला वाटलं असणार, या घरात आपण नकोसे झालो. यांना वाटत होतं, त्या घरात आपण नकोसे झालो. दोन मानी म्हातारे, मध्ये कमरेएवढं कुंपण, आणि ते कुंपण खरं कशाचं आहे हे माहीत असलेला एकच माणूस, तो रोज सकाळी गाडी काढून ऑफिसला जायचा.

एका वाक्याचं काम होतं. कुठल्याही संध्याकाळी करता आलं असतं. मी उद्या करू म्हणायचो. सगळं उद्यावर टाकण्याबद्दल ऑफिसात ज्यांचं नाव घेतात ते शेजारी राहत होते.

आप्पा निघाले त्या दिवशी हुलियान खिडकीत उभा होता. त्याने हात वर केला. आप्पांनी गाडीत बसता बसता हात जोडले, परक्या माणसाला जोडतात तसे. वर्षभराने हुलियान आणि मेर्चे कायमचे गावी गेले. मेर्चे वैशालीला नाताळात फोनवर संत्र्याच्या झाडांचे फोटो पाठवते. बढती मला मिळाली. ती त्या जेवणामुळे मिळाली नाही, हे नंतर कळलं; नाव आधीच ठरलेलं होतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. या जानेवारीत खोका आला तेव्हा दरवर्षीसारखा मी त्याच्या बाजूने निघून गेलो नाही. का, ते सांगता येत नाही. आप्पा चौऱ्याऐंशीचे झालेत, गुडघे गेलेत, मागच्या महिन्यात फोनवर दोनदा त्यांनी मला माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. हे कारण असेल. मी एक पिशवी घेतली, घरी आणली, ओट्यावर ठेवली, आणि आप्पांना फोन लावला.

"आप्पा, तो रविवार आठवतो? लोणच्याचा?"

"आठवतो की. तुझा साहेब लोणचं खाऊन घामाघूम झाला होता."

"हुलियान नाही म्हणाला, ते खरं. पण मी एकदाच विचारलं होतं."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"एकदाच?"

"हो."

"तयार होऊन बसला होता का?"

"हो."

"बूट?"

"बूटही घातले होते."

आप्पा मग म्हणाले, "अरे, मांजराला दूध घालायचं तरी दोनदा चुचकारतात."

"चुकलं आप्पा."

"मला काय सांगतोस? मी जेवलो होतो त्या दिवशी. त्याला सांग."

---

रविवारी दुपारी तीनला मी फोन लावला. आमच्याकडे तीन म्हणजे स्पेनमध्ये चार, आणि साताऱ्यात साडेआठ. आप्पा लाइनवर आधी आले, त्यांच्या भाच्याने फोन टेबलावर टेकवून दिला होता, ताट पुढ्यातच होतं. त्यांना थांबायला सांगून मी हुलियानला जोडलं. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग तो. केस सगळे पांढरे. मागे टेबल, त्यावर पावाचे तुकडे, अर्धी बाटली, सालांचा ढीग.

"ओम्ब्रे! अनिल!" तो ओरडला. आणि मग त्याला दुसरी चौकट दिसली. "सेन्योर आप्पा!"

आप्पांनी हात जोडले. या वेळी परक्यासारखे नाही.

मी लगेच बोलायला सुरुवात केली, नाहीतर बोललोच नसतो. म्हटलं, त्या रविवारी वडिलांनी तुझ्यासाठी ताट मांडलं होतं. तू येणार नाहीस असं मी त्यांना सांगितलं. मी तुला पुन्हा विचारायला हवं होतं. मला कळत होतं. मला माझ्या पाहुण्यांसमोर तुम्ही दोघं नको होतात.

हुलियान काही बोलला नाही. मला वाटलं, चित्र अडकलं. पण त्याच्या मागे खिडकीत पडदा हलत होता. तो गप्प होता एवढंच, आणि मी दाराबाहेर होतो. किती वेळ ते सांगता येणार नाही. दार उघडं ठेवून उभं राहणं म्हणजे काय, हे मला नऊ वर्षांनी कळलं.

"मला माहीत होतं," तो शेवटी म्हणाला. "तू बुटांकडे पाहिलंस. मला वाटलं, विसरला असेल काही, परत येईल. तीनपर्यंत बूट काढले नाहीत. मग सार्डिनचा डबा फोडला आणि उभ्यानेच खाल्ला." मग त्याने हात झटकला, माशी उडवावी तसा. "पण सेन्योर आप्पांचं ताट होतं, हे मला माहीत नव्हतं. हे तू आधी सांगायला हवं होतंस. नऊ वर्षं मी या माणसावर रागावून बसलोय, गाढवा!"

आप्पांनी विचारलं, "काय म्हणतोय?"

"मला गाढव म्हणतोय."

"समजूतदार माणूस आहे," आप्पा म्हणाले.

मी ते इंग्रजीत सांगितलं. हुलियान हसला तेव्हा इथे माझ्या ओट्यावरचा फोन थरथरला. मग तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला.

"त्यांना विचार, एप्रिलमध्ये माझ्याकडे येतील का. झाडांना तेव्हा फुलं असतात. सगळ्या गल्लीला वास येतो. खोली आहे. मेर्चे स्वयंपाक करेल."

मी मराठीत विचारलं. आप्पांनी मान हलवली. "नको नको. या वयात कुठे? उगाच त्यांना त्रास."

मी हुलियानला सांगितलं, "नको म्हणतात. त्रास कशाला, म्हणतात." आणि मी थांबलो. पण आता थांबायचं नव्हतं, हेही समजलं. त्याने सांगण्याची वाट न पाहता मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, तो पुन्हा विचारतोय. या म्हणतो."

"अरे, गुडघे कुठे चालतात माझे? नको."

हुलियानला शब्द कळायची गरज नव्हती. तो तिकडून दोन्ही हात हलवत मोठमोठ्याने स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगत होता. शेजारच्यांना भांडण वाटलं असेल. मी तिसऱ्यांदा म्हटलं, "आप्पा, ऐकत नाही तो. यायलाच पाहिजे म्हणतोय."

आप्पा कधी जाणार नाहीत हे तिघांनाही माहीत होतं. साताऱ्याच्या घराचा जिना उतरायला त्यांना दोन माणसं लागतात. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग पुढ्यातल्या ताटाकडे.

"बरं," ते म्हणाले. "येतो म्हणावं. शिमगा झाला की येतो."

मी सांगितलं. हुलियानने टेबलावर थाप मारली, म्हणजे ठरलं. मग त्याने एक संत्रं घेतलं आणि सोलायला लागला, हे गोड होतं, खायचं. आप्पा त्याचं सोलणं बघत राहिले. फोन ठेवावा की ठेवू नये, मला कळेना.

"आप्पा, उशीर झाला का तुम्हाला?"

"हात वाळलाय कधीचा," आप्पा म्हणाले, आणि उठले नाहीत.